फिरायला नेलेल्या कुत्र्यावर मोकाट कुत्री धावून आली तर? खेड्यातल्या श्वानपालकांचे नेहमीचे प्रश्न

आपल्याकडे खेड्यात कुत्रं पट्ट्याला बांधून फिरायला नेणारी माणसं आता दिसायला लागली आहेत. कोणाकडे लॅब्रेडॉर आहे, कोणाकडे पॉमेरियन, कोणी वावरातलं गावठी पिल्लूच घरी आणून वाढवलंय. पण या विषयावरचा बहुतेक सल्ला शहरातल्या फूटपाथचा असतो. पांदण, धुरा (शेताचा बांध), आठवडी बाजार, कोंबडीच्या दुकानामागचा नाला यांचा त्यात पत्ता नसतो. विदर्भातल्या गावात कुत्रं सांभाळणाऱ्यांना रोज पडणारे प्रश्न म्हणून इथे घेतले आहेत.

मी एकटा गेलो तर गावातली कुत्री मान वर करूनही बघत नाहीत. सोबत माझा कुत्रा असला की झुंडीनं धावून येतात. असं का?

तुम्ही त्यांच्या हद्दीत परकं कुत्रं घेऊन आलेले असता, म्हणून. मोकाट कुत्र्यांनी गाव वाटून घेतलेलं असतं. मारुतीच्या पारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एका टोळीचं, तिथून बसथांब्यापर्यंत दुसरीचं. उकिरडा, खानावळ, पोळी टाकणारी घरं हे सगळं त्या हद्दीत येतं आणि नवं कुत्रं म्हणजे त्यात नवा वाटेकरी. बहुतेक वेळा त्यांना एवढंच हवं असतं की तुम्ही तिथून निघून जावं. हद्द संपली की भुंकत भुंकत तीच थांबतात. हे एकदा लक्षात आलं की आपली भीतीही कमी होते आणि वागणंही सुधारतं.

कोणत्या दिवसांत जास्त जपायचं?

भाद्रपदात. एका माजावर आलेल्या मादीमागे आठ-दहा नर फिरत असतात आणि त्या वेळी ते कोणाचंच ऐकत नाहीत. तुमचा कुत्रा नर असेल तर अशी झुंड दुरून दिसली तरी उलट फिरा.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पिल्लं होतात. सोयाबीन काढून झालेलं असतं, कुटाराचे ढीग वावरात आणि गावाच्या कडेला लागलेले असतात, आणि मादीला पिल्लं घालायला तीच जागा उबदार वाटते. एरवी शेपूट हलवत जवळ येणारी ओळखीची कुत्रीसुद्धा या काळात न भुंकता थेट अंगावर येते. रस्त्याच्या मोरीतले सिमेंटचे पाइप, पऱ्हाटीच्या गंज्या, पडक्या घरांच्या भिंती याही पिल्लांच्या जागा. कार्तिक-मार्गशीर्षात त्यांच्या अगदी जवळून जाऊ नका.

दिवसाचं म्हणाल तर अगदी पहाट आणि दिवेलागण. उन्हाळ्यात दुपारी कुत्री सावलीला पडून असतात, पण म्हणून मे महिन्यात दुपारी फिरायला निघू नका. डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवता येत नसेल तर कुत्र्यालाही तिथून चालवू नये. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत फिरून या. मात्र ताडोब्याच्या बफरमध्ये (व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यात) किंवा जंगलालगतच्या कुठल्याही गावात राहत असाल तर अंधारात अजिबात निघू नका. तिथे कुत्र्याला खरी भीती बिबट्याची.

रस्ता कसा ठरवावा?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. फिरायला जाताना होणारा हल्ला बहुतेक वेळा घरातून निघतानाच टाळता येतो.

आधी चार-पाच दिवस कुत्रं घरी ठेवून त्या रस्त्यानं एकटे चाला. कुठे किती कुत्री बसतात, पुढारपण कोणतं करतं, कोणतं नुसतं मागून भुंकतं, कोणतं गप्प राहून मागे मागे येतं, हे बघा. त्यांना नावं द्या. कान फाटलेला काळा, लंगडी पांढरी, वेल्डिंगच्या दुकानासमोरचा भुरा. जाताना एखादा भाकरीचा तुकडा टाका आणि एकाच सुरात दोन शब्द बोला. नंतर सोबत कुत्रं नेलंत तरी ती तुम्हाला ओळखतील आणि निम्मा ताण तिथेच कमी होईल. हे काम आठवड्याभरात होत नाही, पण एकदा झालं की वर्षानुवर्षं पुरतं.

टाळायच्या जागा म्हणजे कोंबडी-मटणाच्या दुकानांची मागची बाजू, बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराचं मैदान, लग्नाच्या पंगतीनंतर पत्रावळ्या टाकलेली जागा, आणि मेलेली ढोरं टाकतात तो गावाबाहेरचा पट्टा. हा शेवटचा पट्टा पूर्वी गिधाडं साफ करायची. ढोरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या इंजेक्शनामुळे, ती मेलेली ढोरं खाऊन गिधाडं मेली. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आता ते मांस कुत्र्यांच्या वाट्याला येतं. तिथली टोळी मोठी असते, धीट असते, आणि माणसाच्या सवयीची नसते.

मोकळ्या पांदणीनं जात असाल तर पुढचं लांबवर दिसतं, हा फायदा. पण तूर डोक्याइतकी वाढली की धुऱ्यावरून जाऊ नका. वळणावर काय उभं आहे ते कळत नाही. त्या दिवसांत रानडुक्करही तिथेच असतं.

पट्टा कसला असावा? साखळी चालेल का?

साखळी नको. ओढाताणीत बोटं अडकतात, हात सोलवटतो, आणि साखळीच्या आवाजानं समोरची कुत्री आणखी चेकाळतात. चार ते सहा फुटांची जाड सुती किंवा नायलॉनची पट्टी घ्या. तालुक्याच्या गावी खोगीर-दोराच्या दुकानात बैलांसाठी विणलेली पट्टी मिळते, तिला चांगलं हुक लावून घेतलं तरी उत्तम काम देते. बटण दाबलं की लांब होणारी दोरी गावात वापरू नये.

गळपट्ट्यापेक्षा छातीचा पट्टा म्हणजे हार्नेस बरा, त्यातही पाठीवर मूठ असलेला. वेळ आलीच तर त्या मुठीला धरून कुत्र्याला उचलून मागे घेता येतं आणि गळ्याला फास बसत नाही.

खिळ्यांचा पट्टा घालू का, असंही विचारतात. हिमालयातले मेंढपाळ बिबट्यापासून कुत्र्याचा गळा वाचावा म्हणून तो घालतात, आणि ते कुत्रं मोकळं असतं. तुम्ही दोरी धरून शेजारी चालत असताना त्या खिळ्यांनी आधी तुमचाच हात फाटेल.

हातात काय ठेवायचं?

बांबूची काठी, कमरेएवढी. तुराटी घेऊन निघू नका, ती मोडते. काठी मारण्यासाठी नाही. ती जमिनीवर आपटायची किंवा आडवी धरून मधे अंतर राखायचं. काठीनं एका कुत्र्याला मारलंत तर ते ओरडतं आणि बाकीची अधिक त्वेषानं येतात.

पावसाळ्यात छत्री आपसूक हातात असते. एकदम समोर उघडली की धावत येणारं कुत्रं दचकून थबकतं आणि तुमचा कुत्रा तिच्याआड जातो. मात्र घरी अंगणात पाच-सहा वेळा उघडून आपल्या कुत्र्याला सवय लावा. नाहीतर तेच घाबरून पळेल.

खिशात बिस्किटं किंवा भाकरीचे तुकडे असू द्या. मूठभर समोर फेकले की एक-दोन कुत्री हमखास तिकडे वळतात. मोठी टोळी असेल तर हा उपाय करू नका, तुकड्यावरून त्यांच्यातच जुंपते आणि तुम्ही मधे सापडता.

मिरचीचा फवारा मी सुचवणार नाही. आपल्याकडचा वारा कधी फिरेल सांगता येत नाही आणि तिखट आपल्याच कुत्र्याच्या डोळ्यांत जातं.

समोरून कुत्रं येताना दिसलं तर पहिल्या काही क्षणांत काय करायचं?

आधी त्याच्याकडे नीट बघा. शेपूट खाली किंवा सैल हलतेय, अंग नागमोडी वळतंय, वाकडी चाल करत येतंय, म्हणजे ते वास घ्यायला येतंय. लांबून उड्या मारत भुंकतंय, दोन पावलं पुढे आणि दोन मागे करतंय, म्हणजे ते तुम्हाला जा म्हणतंय. तोंड मिटलेलं, शेपूट वर ताठ, मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे, नजर तुमच्या कुत्र्यावर खिळलेली आणि आवाज नाही, असं असेल तर खरा धोका. गप्प येणाऱ्या कुत्र्याला भुंकणाऱ्यापेक्षा जास्त जपा.

मग थांबा. पळू नका. आपल्या कुत्र्याला मागे घ्या आणि त्याच्या आणि येणाऱ्या कुत्र्याच्या मधे तुम्ही उभे राहा. दोरी आखूड धरा, पण ताणू नका. दोरी ताणली की आपला कुत्रा पुढून उचलला जातो, छाती काढून उभा दिसतो, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. जाड आवाजात एकच शब्द बोला, "हाड!" किंवा "जा घरी!" किंचाळू नका.

तरी आलंच तर वाकून दगड उचलल्यासारखं करा. गावातल्या कुत्र्यांना हा हावभाव पाठ असतो. जमिनीकडे हात गेला की बहुतेक कुत्री जागीच वळतात. दगड प्रत्यक्ष फेकायची गरज सहसा पडत नाही, आणि फेकूही नये. नंतर तोंड त्यांच्याकडे ठेवूनच तिरके तिरके मागे सरका. पाठ एकदम फिरवू नका, ती फिरली की मागून पोटरीला येतात.

लहान कुत्रं असेल तर उचलून घ्यावं का?

नुसतं उचलून हातात धरलं तर मोकाट कुत्री उड्या मारतात आणि चावा तुमच्या हाताला किंवा पोटाला बसतो. पण बाजूला एखादी जागा असेल तर उचलाच. उभ्या ट्रॅक्टरची ट्रॉली, बंडी, कोणाच्या घराचं फाटक. तिथे कुत्रं आत टाका आणि स्वतः बाहेर उभे राहा. पॉमेरियनएवढ्या कुत्र्याला मोठ्या कुत्र्यानं एकदा धरून झटकलं की मणका जातो, म्हणून त्याच्या बाबतीत जराही वाट बघू नका. कोणाच्याही अंगणात शिरा, नंतर सांगता येतं.

"सोडून दे, तो पळून वाचेल" असं लोक म्हणतात. सोडावं का?

नाही. घाबरलेलं कुत्रं सरळ घरी जात नाही, वाट फुटेल तिकडे वावरात शिरतं. आपल्या वावरांत कठडा नसलेल्या विहिरी आहेत. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी काहीजण तारेत चोरून थेट करंट सोडतात, आणि त्या तारेनं कुत्री, ढोरं आणि माणसंही मेली आहेत. सौर झटका मशीन वेगळी, तिच्या झटक्यानं सहसा जीव जात नाही, पण संध्याकाळच्या वेळी कोणती तार कशाची हे लांबून कळत नाही. मग महामार्ग आहेच.

दोरी हातातून सोडायची ती एकाच वेळी: कुत्री एकमेकांत जुंपली आहेत आणि दोरी त्यांच्या पायांत किंवा तुमच्या पायांत गुंतली आहे.

जुंपलीच तर सोडवायची कशी?

तोंडात हात घालू नका. गळपट्टा धरायलाही जाऊ नका. त्या क्षणी तुमचा जीव लावलेला कुत्राही तुम्हाला ओळखत नाही, हालचाल दिसेल तिथे दात मारतो. माणसांना होणारे बरेच चावे असे सोडवायला गेल्यावरच होतात.

जवळ पाणी असेल तर बादलीभर तोंडांवर मारा. शेतातला मोटारपंप चालू असेल तर पाइप. दुपट्टा, पोतं, ताडपत्री दोघांच्या डोक्यांवर टाकली की अंधारानं पकड सैल होते. सायकल किंवा पाटी मधे सरकवा.

दोघे जण असाल तर प्रत्येकानं एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून वर उचलायचे आणि अर्धगोल फिरत मागे ओढायचं. फिरत राहायचं, थांबलं की ते वळून चावतं. यासाठी पकड सुटलेली हवी. दात रुतलेले असताना ओढलं तर कातडी फाटते. तेव्हा आधी पाणी किंवा कापड, आणि पकड सुटल्याबरोबर ओढायचं. एकटे असाल तर पाय धरायच्या भानगडीत न पडता पाणी, कापड, काठीचा आडोसा एवढंच करा आणि ओरडून माणसं बोलवा.

माझ्या कुत्र्याला चावा लागला. घरी काय करू, दवाखान्यात कधी नेऊ?

घरी आल्यावर केस बाजूला करून बोटांनी सगळं अंग चाचपा. मान, काखा, पोट, मांड्यांची आतली बाजू. लॅब्रेडॉरच्या दाट केसांत दाताचं छिद्र तुरीच्या दाण्याएवढं दिसतं, रक्तही फार येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिथे हाताला गरम, फुगीर लागतं. वरून भोक लहान आणि आत कातडी मांसापासून सुटलेली असते, घाण आतच राहते. म्हणून छिद्र लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ घालून जखम भरपूर धुवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. चुना, मिरची पूड, रॉकेल, गाडीचं जळालेलं ऑइल यातलं काहीही लावू नका. घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका, माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत किंवा मूत्रपिंड जाऊ शकतं.

हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास जोरात चालला, पोट कडक झालं, छातीला किंवा पोटाला दात लागले, किंवा कुत्रं उठत नाही, तर रात्र असली तरी निघा. बाकी चाव्यांसाठी दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टर. तालुक्याला पशुसंवर्धन विभागाचा दवाखाना असतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, त्यांचा भर ढोरांवर असतो, तरी विचारून बघा. मोठी शस्त्रक्रिया लागली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था.

पावसाळ्यात जखमेवर माशी बसू देऊ नका. दोन दिवसांत किडे पडतात आणि आत पोखरत जातात. जखमेला वास यायला लागला किंवा कुत्रं एकच जागा सारखं चाटतंय, म्हणजे बहुधा तेच.

माझ्या कुत्र्याला रेबीजची लस झाली आहे. तरी पुन्हा टोचायची?

हो. मोकाट कुत्र्यानं चावल्यावर लस झालेल्या कुत्र्यालाही लगेच बूस्टर देतात. आधी लस झालेलीच नसेल तर डॉक्टर बहुधा 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असं पाच डोसांचं वेळापत्रक देतात. ते मधेच सोडू नका. चावणारं कुत्रं ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. ते मेलं, किंवा लाळ गाळत, अडखळत, उगाच सगळ्यांना चावत फिरायला लागलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

एरवी पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस, आणि पुढे दरवर्षी. 6 जुलै (जागतिक प्राणिजन्य रोग दिन) आणि 28 सप्टेंबर (जागतिक रेबीज दिन) यांच्या सुमारास सरकारी दवाखान्यांत रेबीज लसीकरणाची शिबिरं असतात, तारीख विचारून ठेवा. पार्व्हो आणि डिस्टेंपरचीही लस घ्या. हे रोग चाव्याशिवाय, नुसत्या संपर्कातून येतात.

सोडवताना मलाच चावलं. ओरखडा आहे, रक्त आलं नाही.

ओरखडा असला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते प्रत्येक केंद्रात नसतं, तेव्हा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जावं लागलं तर जा. मंत्र, झाडपाला, विहिरीत डोकावून बघणं यात एकही दिवस घालवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

धावून येणारं कुत्रं मोकाट नाही, गावातल्याच एकाचं आहे. मालक म्हणतो, "काही नाही करत तो, या न तुम्ही बिनधास्त."

पहिल्यांदा घरी जाऊन बोला, रस्त्यावर नको. "भाऊ, मी सकाळी सहाला इथून जातो, तेवढा अर्धा तास बांधून ठेवा न त्याले," एवढं नेमकं मागा. नेमकी वेळ सांगितली की माणूस बहुधा ऐकतो. नाहीच ऐकलं आणि चावे झाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली, पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं तरी पुष्कळदा काम होतं.

ग्रामपंचायत काही करू शकते का?

करू शकते आणि करायला हवं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि ते झाल्यावर कुत्र्यांना त्यांच्याच जागी परत सोडायचं असतं. ग्रामपंचायतीकडे डॉक्टर किंवा पिंजरे नसतात हे खरं, पण ग्रामसभेत ठराव करून पंचायत समिती आणि पशुसंवर्धन विभागाकडे पाठवता येतो. अर्जात चावे कुठे, कधी, किती झाले ते लिहा. नुसतं "कुत्र्यांचा त्रास आहे" लिहिलेला अर्ज फायलीत राहतो.

नसबंदीला वेळ लागतो. कोंबडीच्या दुकानाचा कचरा उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरायचा, हे मात्र दुकानदाराशी बोलून याच आठवड्यात सुरू होऊ शकतं.

काही लोक विष घालायचं म्हणतात.

त्यांना थांबवा. जनावराला विष घालणं किंवा मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते विष तुमचा कुत्रा खाईल, मांजर खाईल, कोणाची कोंबडी खाईल. मारलेल्या टोळीच्या रिकाम्या जागी महिन्या-दोन महिन्यांत दुसरी येते, आणि ती कोणाच्याच ओळखीची नसते.

माझी कुत्री माजावर आहे. फिरवू का?

साधारण तीन आठवडे बाहेर नेऊ नका. अंगणातच, नजरेसमोर. नर लांबून वासानं येतात आणि फाटकापाशी रात्रभर बसतात. मोकाट कुत्र्याशी संग झाल्यावर गुप्तांगाच्या गाठींचा संसर्गजन्य कर्करोगही लागतो. पिल्लं नको असतील तर डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या.

हल्ल्यानंतर माझा कुत्रा फाटकाबाहेर पाय टाकत नाही. काय करू?

ओढू नका. पहिले काही दिवस फाटकाशी बसा, त्याच्यासोबत, काही न करता. बाहेर एखादं कुत्रं दिसलं आणि हा शांत राहिला की लगेच आवडीचा घास द्या. मग फाटकापासून दहा पावलं आणि परत. ज्या जागी हल्ला झाला तिकडे इतक्यात नका नेऊ. शेजाऱ्याचं एखादं म्हातारं, शांत कुत्रं असेल तर त्याच्यासोबत फिरवा, तो लवकर सावरतो. काहींना महिना लागतो, काहींना संपूर्ण हंगाम. आणि तो उलट चिडका झाला असेल, दिसेल त्या कुत्र्यावर झेपावत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आत राहिलेली दुखापत पुष्कळदा अशीच बाहेर येते.